सशाला कोणता पाला घालावा?

ससा पाळायला सगळ्यांनाच आवडतो. समोर हिरवा पाला टाकला की झालं, असे पुष्कळांना वाटते. पण सशाचे पोट फार नाजूक असते. शिवाय त्याला ओकारी करता येत नाही. वाईट पान पोटात गेले, तर ते बाहेर टाकण्याची सोय त्याच्याकडे नाही. म्हणून काळजी आपणच घ्यायची.

सशाचे मुख्य अन्न गवत आहे. त्याचे दात जन्मभर वाढतात व गवत चावून झिजतात. गवतातल्या चोथ्यामुळे आतड्याचे काम नीट चालते. ‘पोटभर गवत, मूठभर पाला’ हे लक्षात ठेवा.

चालणारा पाला : कोथिंबीर, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, थोडी मेथी. पालक रोज नको. कोबीने पोट फुगते. नवीन पाला पहिल्या दिवशी दोन-चार पानेच द्यावी. लेंड्या पातळ झाल्या तर तो बंद करावा.

न चालणारा पाला : कांद्याची व लसणाची पात, बटाट्याची व टोमॅटोची पाने. रुई, कण्हेर, धोतरा, एरंड, घाणेरी ही झाडे तर विषारीच.

गाजरगवताने हमखास फसायला होते. 1955 च्या सुमारास ते पुण्यात प्रथम दिसले आणि आता बांधाबांधावर आहे. त्याचे पान गाजराच्या पानासारखेच दिसते, पण ते विषारी आहे. त्याने माणसाच्या अंगालाही खाज सुटते. म्हणून बुडाला गाजर असेल तोच पाला घ्यावा.

औषध फवारलेल्या शेतातला पाला आणू नये. पाला धुऊन, पाणी निथळून द्यावा. ढीग करून ठेवलेला पाला आतून तापतो, आंबतो. तो देऊ नये.

गिनीपिगलाही हेच नियम. मात्र त्याच्या शरीरात ‘क’ जीवनसत्त्व तयार होत नाही. त्यामुळे त्याला रोज थोडा ताजा पाला लागतोच.

ससा अर्धा दिवस काही खात नसेल, लेंड्या टाकत नसेल, तर उद्याची वाट बघू नका. लगेच गुरांच्या दवाखान्यात न्या.

मुक्या जनावराला पोट दुखते हे सांगता येत नाही. पान ओळखीचे नसेल तर आजी-आजोबांना दाखवा. त्यांनाही ओळखता आले नाही, तर ते पान सशाला घालूच नका.