बिजागरीची कुरकूर

घरांतील वस्तूंना वाचा नसते असें आपण समजतों. परंतु विहिरीचा रहाट, पाळण्याची कडी, माजघराचें दार हीं सारीं आपापलें दुखणें आवाजानें सांगत असतात. आज मी ज्या दुखण्याविषयीं बोलणार आहें तें लहानसेंच आहे. ध्वनिमुद्रिका वाजविण्याच्या यंत्रावर, म्हणजे ज्याला आपण रेकॉर्ड-प्लेअर म्हणतों त्यावर, धूळ बसूं नये म्हणून पारदर्शक झांकण असतें. तें उघडतांना मागच्या बाजूस ‘कर्र’ असा आवाज येऊं लागला तर काय करावें, एवढाच आजचा विषय. ज्यांच्या घरीं वडिलांच्या वेळच्या तबकड्या अद्याप जपून ठेविलेल्या आहेत त्यांना तो निरुपयोगी वाटणार नाहीं.

प्रथम या झांकणाची योग्यता पाहूं. १९४८ सालीं पुष्कळ वेळ वाजणारी, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी तबकडी निघाली. तिच्यावरील खांच साधारणतः आपल्या डोक्याच्या केसाहून रुंद नसते, आणि तींतून फिरणाऱ्या सुईच्या टोंकाची त्रिज्या मिलिमीटरच्या सुमारें पन्नासाव्या हिश्शाएवढी असते. अशा खांचेंत धुळीचा कण म्हणजे वाटेंतला धोंडाच! सुई त्याच्यावर आदळली कीं गाण्यांत ‘टक्’ असा आवाज होतो, आणि कण घासला गेल्यास खांचेची भिंत कायमची खरवडली जाते. तेव्हां झांकण हें शोभेसाठीं नसून राखणीसाठीं आहे.

आतां कुरकूर होते कशी? दोन कोरडे पृष्ठभाग एकमेकांवर घासूं लागले म्हणजे ते सरळ सरकत नाहींत. क्षणभर चिकटून राहतात, जोर सांचला कीं निसटतात, आणि पुन्हा चिकटतात. हें धरणें-सुटणें एका सेकंदांत शेंकडों वेळां होतें व त्या कंपनांचा आपणांस आवाज ऐकूं येतो. फळ्यावर खडू किंचाळतो तो याच कारणानें. सारंगीच्या तारेवर गज फिरतांना जो मधुर नाद निघतो त्याचें मूळही हेंच. गजाला राळ लावतात ती हें चिकटणें वाढावें म्हणून. बिजागरीला वंगण द्यावयाचें तें कमी व्हावें म्हणून.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. आवाज हा नुसता कानाचा त्रास नव्हे. बिजागरी अडून बसली कीं उघडणाऱ्या हाताचा सारा जोर झांकणाच्या मागील कोपऱ्यांवर येतो. झांकण बहुधा ॲक्रिलिकचें किंवा तशाच ठिसूळ प्लॅस्टिकचें असतें. त्या कोपऱ्यांत केसासारखी चीर पडते आणि ती वाढतच जाते. जुन्या यंत्रांचीं झांकणें सहजासहजीं मिळत नाहींत. म्हणून कुरकूर ही पूर्वसूचना समजावी.

अडण्याचीं कारणें बहुधा तीन असतात. आंतील जुनें ग्रीस सुकून चिकट होतें व त्यांत धूळ मिसळते. कोंकणासारख्या खारट, दमट हवेंत लोखंडी खिळ्याला गंज चढतो. किंवा स्क्रू सैल होऊन दोन बिजागऱ्या एका रेषेंत राहत नाहींत.

उपचारापूर्वीं यंत्राची विजेची तार काढावी. तबकडी उचलून ठेवावी, सुईची दांडी तिच्या आधारावर अडकवावी व सुईवर टोपण घालावें. मग झांकण सावकाश हलवून कोणती बाजू कुरकुरते तें कान देऊन ऐकावें. स्क्रू सैल असल्यास बेताचे आवळावे; कित्येकदां एवढ्यानेंच काम भागतें.

न भागल्यास झांकण काढावें लागेल. पुष्कळ यंत्रांत तें पूर्ण उघडून दोन्ही बाजूंनीं धरून सरळ ओढलें कीं खोबणींतून निघतें. कांहींत स्क्रू काढावे लागतात. या वेळीं दुसरा माणूस मदतीस असावा. बिजागरींत जोरकस स्प्रिंग असल्यास झांकण निघतांच ती झटकन उसळूं शकते. तेथें बोट ठेवूं नये व स्प्रिंग खोलूं नये.

कोरड्या मऊ ब्रशानें धूळ झाडावी. जुनें ग्रीस काडीला गुंडाळलेल्या कापसानें पुसावें. धातूची बिजागरी सुटी निघत असेल तरच ती स्पिरिटनें पुसून पूर्ण सुकूं द्यावी. स्पिरिट, थिनर वा पेट्रोल यांचा थेंबही झांकणाला लागूं नये. त्यानें प्लॅस्टिकवर सूक्ष्म तडे पडतात. झांकणाला सौम्य साबणाचें कोमट पाणीच पुरे.

नंतर वंगण. धातूवर धातू घासत असेल तर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सुईच्या टोंकानें सोडावा. प्लॅस्टिकचा संबंध येत असेल तेथें सिलिकॉन ग्रीस मोहरीच्या दाण्याएवढें लावावें. स्वयंपाकघरांतील तेल मात्र नको. खोबरेल सुमारें २४ अंश सेल्सिअसच्या खालीं थिजतें. जवसाचें व करडईचें तेल हवेनें सुकून चिकट थर धरतें, आणि मूळचा रोग दुप्पट होतो. फवारणीचा डबाही यंत्रावर वापरूं नये. तुषार आंतल्या रबरी पट्ट्यावर गेले कीं पट्टा घसरतो, तबकडीची गति ढळते, आणि गायकाचा षड्ज जागचा हलतो!

वंगण दिल्यावर बिजागरी सावकाश दहा-बारा वेळां फिरवावी, बाहेर आलेलें तेल पुसावें, व मगच झांकण बसवावें. आवाज बंद झाला म्हणजे काम झालें असें मात्र मानूं नये. झांकण उघडतांना हाताला झटके लागत नाहींत ना, हें पाहावें. ते लागत असतील तर आंतील स्प्रिंग वा खिळा झिजला आहे. बिजागरी कारागिराकडून बदलून घ्यावी. आणि झांकण कितीही हलकें चालूं लागलें तरी तबकडी वाजत असतां तें उघडूं-मिटूं नये. तो धक्का सुईपर्यंत पोंचतो.

या कामाला अर्ध्या तासाहून अधिक वेळ क्वचितच लागतो. ज्या तबकडीची दुसरी प्रत मिळण्याची आशा नाहीं, तिच्यावरील आवाजासाठीं एवढा वेळ कोणीही आनंदानें देईल.