दृष्टी मंदावली, म्हणून पटाशी खाली ठेवू नका

लाकडावरच्या बारीक नक्षीकामात हात तयार व्हायला वीस-पंचवीस वर्षं जातात, आणि हात तयार होतो त्याच वयात जवळचं धूसर दिसू लागतं. देव्हाऱ्याच्या कमानीवरची वेलबुट्टी, गणेशपट्टीवरचा सोंडेचा बाक, केळफुलाच्या पाकळ्यांच्या कडा हे सगळं आधी थोडं, मग जास्त हुकायला लागतं. ‘आता बारीक काम पोरांनी करावं,’ असं म्हणून अनेक कारागीर बाजूला होतात. त्यांतल्या बऱ्याच जणांना थांबायची गरजच नसते. उलट काही जणांनी तातडीने डॉक्टरांकडे जायला हवं असतं, पण तेही वयाला दोष देऊन घरी बसतात. या दोन्ही चुकांमागे काही पक्के गैरसमज आहेत.

गैरसमज : चष्मा लावला की नंबर वाढतच जातो. जमेल तितके दिवस टाळावा.

वस्तुस्थिती : डोळ्यातलं नैसर्गिक भिंग वयाबरोबर कडक होत जातं आणि जवळ पाहण्यासाठी त्याला आकार बदलता येईनासा होतो. दहा वर्षांच्या मुलाला सात-आठ सेंटीमीटरवरचं स्पष्ट दिसतं. साठीत तेच अंतर हातभर किंवा त्याहून जास्त होतं. चष्मा लावा किंवा लावू नका, हा बदल होतोच. चाळिशीत सुमारे एकपासून सुरू झालेला जवळचा नंबर साठीपर्यंत साधारण अडीचवर पोचतो आणि मग बहुधा स्थिरावतो. डोळ्यांच्या व्यायामाने कडक झालेलं भिंग पुन्हा लवचिक होत नाही. चष्मा टाळल्याने डोळे वाचत नाहीत. काम मात्र दूर धरावं लागतं, मनगटाला टेकू मिळत नाही आणि पटाशी घसरते.

गैरसमज : वाचायचा चष्मा आहे, तोच कोरायलाही चालेल.

वस्तुस्थिती : चष्म्याचा नंबर अंतरावर ठरतो. वाचायचा चष्मा साधारणपणे ४० सेंटीमीटरसाठी दिलेला असतो. टेबलावर शिकंजात धरलेली देव्हाऱ्याची फळी डोळ्यांपासून ५०-५५ सेंटीमीटरवर असते, तर हातात धरलेली छोटी मूर्ती ३० सेंटीमीटरवर. साठीतल्या माणसाचा लांबचा नंबर शून्य असेल, तर फळीसाठी त्याला सुमारे दोनचा नंबर लागेल आणि मूर्तीसाठी तीनच्या आसपास. म्हणून आधी नेहमीसारखं कामाला बसा आणि डोळ्यापासून पटाशीच्या टोकापर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाला तरी टेपने मोजायला सांगा. तपासणीला जाताना तो आकडा सोबत न्या. दोन तऱ्हेची कामं करत असाल तर दोन चष्मे करून घ्या. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचा भाग खाली, अरुंद पट्टीत असतो. उभ्या फळीवर वरच्या कोपऱ्यात कोरताना त्यामुळे मान मागे टाकावी लागते. बैठ्या कामाला एकाच नंबरचा चष्मा सोयीचा पडतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा : साधा चष्मा उडणारी ढलपी अडवेल याची खात्री नाही. हातोडीचं किंवा यंत्राचं काम असेल तर पॉलिकार्बोनेटचा सुरक्षा चष्मा नंबरासह बनवून मिळतो.

गैरसमज : भिंग जितकं शक्तिशाली, तितकं काम बारीक.

वस्तुस्थिती : भिंगाची शक्ती वाढली की तीन गोष्टी कमी होतात. दिसणारा भाग लहान होतो, स्पष्ट दिसण्याची खोली उथळ होते आणि कामाजवळ जावं लागतं. डोक्याला बांधायचं पावणेदोन पटीचं भिंग साधारण ३५ सेंटीमीटरवरून वापरता येतं. अडीच पटीच्या भिंगाला मात्र २० सेंटीमीटरवर यावं लागतं. तेवढ्या अंतरात हातोडी उचलायला जागा उरत नाही. शिवाय पान दिसतं, पण ते ज्या वेलीवर बसायचं तिचा डौल नजरेतून सुटतो. कोरायला कमी शक्तीचं भिंग घ्यावं, मोठं भिंग तपासणीपुरतं ठेवावं आणि कोरताना मधूनमधून भिंग वर करून पूर्ण नक्षी पाहावी.

गैरसमज : दिसत नसेल तर डोक्यावर मोठा दिवा लावावा.

वस्तुस्थिती : प्रकाश जास्त हवा, हे खरं. वयानुसार बाहुली लहान राहते आणि डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं. त्यामुळे साठीत पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. पण कोरीवकाम आपण ओळखतो ते सावलीवरून. सरळ वरून पडणारा ट्यूबलाइटचा पसरट उजेड सावल्या पुसतो आणि कोरलेला खळगाही सपाट वाटतो. पुण्याच्या विश्रामबागवाड्यातले, १८०७ सालचे, सुरूच्या आकाराचे खांब पाहा. प्रकाश बाजूने पडला की त्यांचं नक्षीकाम उठून दिसतं. टेबलावरही तेच करा. खोलीत सौम्य उजेड ठेवा आणि हलवता येणारा एक दिवा बाजूने, जवळजवळ लाकडाच्या पातळीला आणा. उजव्या हाताने काम करणाऱ्याने तो डावीकडे ठेवावा, म्हणजे हाताची सावली रेघेवर पडत नाही. दिव्याचा झोत थेट डोळ्यांत येता कामा नये.

गैरसमज : साठीनंतर चष्म्याशिवाय जवळचं दिसू लागलं, म्हणजे डोळे सुधारले.

वस्तुस्थिती : ही बहुधा मोतीबिंदूची चाहूल असते. भिंगाचा गाभा घट्ट झाला की नजर जवळच्या बाजूला सरकते. काही काळ बारीक काम चष्म्याविना जमतं आणि लांबचं धूसर होत जातं. पुढे जवळचंही जातं.

‘मोतीबिंदू पिकू द्यावा’ हा सल्लाही आता जुना झाला आहे. हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनला पहिलं कृत्रिम भिंग डोळ्यात बसवलं. चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढण्याची पद्धत आणली. आता कामात अडथळा येऊ लागला की शस्त्रक्रिया करता येते. उलट फार पिकलेला मोतीबिंदू काढणं अवघड होतं. सर्रास बसवलं जाणारं कृत्रिम भिंग एकाच अंतरावर स्पष्ट दाखवतं. म्हणून शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांना सांगा : मी कोरीवकाम करतो, माझं काम इतक्या अंतरावर असतं. भिंगाची निवड त्यावर ठरू शकते. एक डोळा जवळचा आणि एक लांबचा करण्याची सूचना आली तर खोलीचा अंदाज कमी होईल का, हे जरूर विचारा.

गैरसमज : नजरेतला प्रत्येक बदल वयामुळेच होतो.

वस्तुस्थिती : आखलेली सरळ रेघ वाकडी किंवा नागमोडी दिसली, तर आधी एक डोळा झाका, मग दुसरा. एकाच डोळ्याला ती वाकडी दिसत असेल तर डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी दोष असू शकतो. त्यात उशीर परवडत नाही. अचानक ठिपके वाढले, चमक दिसली किंवा पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. काचबिंदू बहुधा दुखत नाही आणि नजर कडेकडून खातो. त्यात गेलेली नजर परत येत नाही, म्हणून चाळिशीनंतर नियमित तपासणी हवीच. मधुमेह असेल तर दरवर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. साखर वरखाली होत असताना चष्म्याचा नंबरही बदलतो. ती आटोक्यात आल्यावरच नवा चष्मा करा.

गैरसमज : नजर गेली की कारागिरी संपली.

वस्तुस्थिती : ऑस्ट्रियातल्या टायरोल प्रांतातल्या नाउडर्स गावचा क्लाइनहान्स (१७७४–१८५३) लहानपणीच आंधळा झाला होता. तरीही त्याने लाकडात क्रूस आणि मूर्ती कोरल्या. प्रत्येकाला ते साधेल असं नाही, पण बोटांना किती कळतं हे त्यावरून दिसतं. पाकळीची कड सारखी आली का, खळग्याच्या तळाशी खरबरीतपणा राहिला का, हे बोटांच्या टोकांनी तपासायची सवय नजर चांगली असतानाच लावावी. हत्याराला सतत धार ठेवावी. बोथट पटाशी रेषा चिरडते आणि डोळ्यांना दुप्पट राबवते. बारीक काम सकाळी, ताजेपणी करावं. दर वीस मिनिटांनी मान वर करून दूर पाहावं आणि पापण्या मिटाव्यात, कारण टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात.

एवढं करूनही उरणारी अडचण खरी असते आणि ती नाकारू नये. तेव्हा अगदी बारीक शेवटचा हात तरुणाने फिरवावा. आराखडा, खोली आणि वेलीचा बाक मात्र अनुभवी माणसाने ठरवावा. घरातल्या कारागिराने ‘आता दिसत नाही’ म्हटलं तर त्याच्या हातातलं काम काढून घेण्याची घाई करू नका. आधी अंतर मोजा, दिवा बाजूला आणा आणि त्याला नेत्रतज्ज्ञांकडे घेऊन जा. पंचवीस वर्षांत कमावलेला हात चुकीच्या नंबरापायी वाया जाऊ देणं, हे नुकसान टाळण्यासारखं आहे.