नवखा पॉइंट गार्ड आणि अधिकाराचा प्रश्न : टोनी पार्कर यांच्या संदर्भात

बास्केटबॉलमधील पॉइंट गार्ड केवळ चेंडू पुढे नेत नाही. संघाने कोणती चाल खेळावी, हे मैदानावर तोच सांगतो. म्हणूनच युरोपातून अमेरिकेत आलेल्या नवख्या पॉइंट गार्डची खरी कसोटी कौशल्यापेक्षा अधिकाराची असते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. टोनी पार्कर यांचे उदाहरण पाहावे. २००१ मध्ये सॅन अँटोनिओ स्पर्सने त्यांची २८ व्या क्रमांकावर निवड केली. वय १९. वडील अमेरिकन असल्याने भाषा सर्वस्वी परकी नव्हती; परंतु जवळजवळ १७ वर्षांनी मोठ्या असलेल्या डेव्हिड रॉबिन्सन यांना चाल सांगावयाची होती. त्यात सामना ४० ऐवजी ४८ मिनिटांचा, हंगामात ८२ साखळी सामने, आणि तीन गुणांची रेषा ६.२५ मीटरऐवजी ७.२४ मीटरवर. तरीही प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी थोड्याच सामन्यांनंतर त्यांना सुरुवातीच्या पाच खेळाडूंत घेतले. पहिल्या हंगामात त्यांची सरासरी ९.२ गुण व ४.३ असिस्ट अशी राहिली. अधिकार मात्र आकड्यांनी मिळत नाही. २००३ चे अजिंक्यपद निश्चित करणाऱ्या सामन्याच्या अखेरीस सूत्रे स्पीडी क्लॅक्स्टन यांच्याकडे होती, आणि त्याच उन्हाळ्यात संघाने जेसन किड यांना आणण्याचा प्रयत्न केला. किड आले नाहीत. २००७ च्या अंतिम फेरीत सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेले पहिले युरोपीय म्हणजे पार्करच.