चहाचे शेअर घेताना

चहा काही कोणी सोडणार नाही, मग चहाच्या कंपनीचा शेअर बुडेल कसा? हा हिशेब वरवर बिनचूक वाटतो. पण मळेवाली कंपनी वेगळी आणि पुडीवाली वेगळी.

मळेवाली कंपनी आपला बराचसा चहा गुवाहाटी, कोलकाता, सिलिगुडी किंवा कुन्नूरच्या लिलावात विकते. तेथील भाव तिच्या हातात नसतो. पाऊस लांबो, कीड पडो, मजुरी चुकत नाही. शिवाय देशातला निम्म्याहून अधिक चहा आता छोट्या बागाईतदारांच्या पानांपासून होतो, आणि त्यांच्यावर मजुरांच्या वसाहती-दवाखान्यांचा भार नसतो. पुडीवाल्या कंपनीला मात्र लिलावातला स्वस्त चहा फायद्याचाच! टाटा टीने २००० साली ब्रिटनची टेटली घेतली आणि २००५ साली मुन्नारचे मळे कर्मचारीच बहुसंख्य भागधारक असलेल्या कंपनीकडे सोपवले, ते उगाच नव्हे.

आसाम-दार्जिलिंगमध्ये हिवाळ्यात खुडणी थांबते. त्यामुळे जानेवारी ते मार्चच्या तिमाहीत बहुधा तोटा दिसतो. त्याला घाबरू नये. पावसाळी तिमाहीच्या नफ्याने हुरळूनही जाऊ नये. निदान पाच वर्षांचे आकडे पाहावेत. वार्षिक अहवालात कंपनीने आपल्याच समूहातील इतर कंपन्यांना किती कर्ज दिले आहे, तेही जरूर वाचावे. मळ्याचा पैसा बऱ्याचदा तिथूनच गळतो.

आणि नव्वदच्या दशकातल्या सागवानाच्या योजना? ते शेअर नव्हतेच. सेबीचे नियम आले १९९९ साली. तोवर कित्येकांची पुंजी गेली होती.