गहाण कीं मुदतखरेदी?

अडचणीच्या वेळीं शेत मुदतखरेदीनें लिहून देण्यापूर्वीं गिरडकडील कास्तकार बंधूंनीं एक भेद ध्यानांत ठेवावा, अशी आमची विनंती आहे. पैसे फेडतांच शेत परत देण्याची अट त्याच खरेदीखतांत असेल, तरच तो व्यवहार गहाण ठरूं शकतो. अट निराळ्या कागदावर असल्यास, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यांत १९२९ सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें, तो गहाण मानला जात नाहीं. मुदत टळली कीं शेत गेलें. खऱ्या गहाणांत मात्र ‘अमुक तिथीनंतर सोडवितां येणार नाहीं’ हें बंधन टिकत नाहीं; १९६३ च्या मुदतीच्या कायद्यान्वयें, सोडविण्याचा हक्क उत्पन्न झाल्यापासून ३० वर्षें दावा करतां येतो. म्हणून तोंडच्या वचनावर न विसंबतां, खत अथपासून इतिपर्यंत वाचूनच सही करावी.