सातपूरच्या वर्गातला समुद्र

सातपूरपासून समुद्र सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटरवर आहे. मध्ये सह्याद्री उभा आहे आणि नळाला येते ते गोदावरीवरच्या गंगापूर धरणाचे गोडे पाणी. अशा ठिकाणच्या शाळेत खाऱ्या पाण्याचे छोटे मत्स्यालय उभे करता येईल का? येईल. मात्र त्यासाठी दोन गोष्टी आधी मान्य कराव्या लागतात. एक म्हणजे त्यात जिवंत प्रवाळ असणार नाही. दुसरी म्हणजे पहिला महिना-दीड महिना त्यात एकही मासा असणार नाही.

दुसरी अट ऐकून विद्यार्थी हिरमुसतील. पण वर्गात मासे आणले, पाणी काचेसारखे स्वच्छ होते, खाणेही वेळेवर घातले, तरी आठ-दहा दिवसांत एकेक मासा मेला, हा अनुभव अनेक शिक्षकांना असेल. मुले त्याचा दोष बहुधा खाणे घालण्याची पाळी ज्याची होती त्याला देतात. खरे कारण वेगळेच असते. ते समजून घेणे हाच या मत्स्यालयाचा मुख्य पाठ आहे.

प्रवाळ का नको?

परदेशी पुस्तकांत खाऱ्या पाण्याच्या टाकीची सुरुवात ‘जिवंत खडका’ने होते. प्रवाळभिंतीजवळून काढलेला, जीवाणूंनी भरलेला सच्छिद्र दगड म्हणजे जिवंत खडक. आपल्याकडे हा मार्ग बंद आहे आणि तो बंद असणेच योग्य आहे. भित्तिका बांधणारी सर्व प्रवाळे, काळी प्रवाळे आणि समुद्रपंखे यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली स्थान मिळाले. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने प्रवाळाचा तुकडा तोडणे हे वाघाची शिकार करण्याच्या पंक्तीत बसते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. तेथे प्रवाळ पाहावे, पिशवीत घालून आणू नये, हे सहलीपूर्वीच मुलांना सांगितले पाहिजे.

शास्त्रीय कारणही आहे. नेहमीच्या उन्हाळ्यातील कमाल तापमानापेक्षा पाणी केवळ एक अंशाने वाढून काही आठवडे तसेच राहिले, तरी प्रवाळ आपल्या पेशींतील शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत, सुट्टीत बंद असलेल्या वर्गातील टाकीत ते टिकणे अवघड आहे.

समुद्राचे पाणी घरी बनवताना

६० × ३० × ३० सेंटिमीटर मापाची टाकी घेतली, तर तिचे आकारमान ५४ लिटर होते. वर थोडी जागा सोडून आणि तळाची वाळू, दगड वजा जाता पाणी सुमारे ४० लिटर मावते. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे आपल्याला १,४०० ग्रॅम क्षार लागतील.

बाजारातले खडे मीठ चालेल का, असा प्रश्न येथे येतोच. उत्तर ‘नाही’ असे आहे. मिठागरात पाणी आटू लागले की चुना आणि जिप्सम आधी खाली बसतात, मग मीठ येते आणि मॅग्नेशियमचे क्षार उरलेल्या कडू पाण्यात राहतात. हे कडू पाणी वेगळे काढले जाते. त्यामुळे मिठागरातले मीठ पुन्हा पाण्यात टाकले तरी त्याचा समुद्र होत नाही. समुद्राच्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून सुमारे ८५ टक्के असतात. उरलेला भाग मुख्यतः सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम यांचा असतो. म्हणून मत्स्यालयासाठी मिळणारे तयार सागरी मीठ वापरावे.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन आपल्याला हव्या असलेल्या जीवाणूंनाही मारतो. यासाठी पाणी बादलीत हवेचा पंप लावून एक दिवस ठेवावे, मगच मीठ विरघळवावे. हायड्रोमीटरवर १.०२४ ते १.०२६ अशी नोंद आली की पाणी तयार झाले. तळाशी कोंबडीखाद्याच्या दुकानात मिळणारा शिंपल्यांचा चुरा स्वच्छ धुऊन पसरावा. त्यावर खापराचे तुकडे आणि चुनखडीचे सच्छिद्र दगड रचावेत. हीटर २६ अंश सेल्सिअसवर ठेवावा, कारण नाशिकच्या हिवाळी रात्रीत जीवाणूंचे काम फार मंदावते.

टाकीतले पाणी उडाले तर भर गोड्या पाण्याचीच घालावी, कारण मीठ उडत नाही. याचे गणित मुलांना घालता येईल: ४० लिटरमधील ४ लिटर पाणी उडाले, तर दर लिटरला किती क्षार झाले? (१,४०० भागिले ३६, म्हणजे जवळजवळ ३९ ग्रॅम.)

न दिसणारे विष

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाणे कुजले तरी अमोनियाच तयार होतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो. अमोनियम आयनाच्या रूपात तो बराच निरुपद्रवी असतो, मुक्त अमोनियाच्या रूपात विषारी. कोणते रूप किती, हे मुख्यतः सामूवर ठरते. सामू ७ असलेल्या गोड्या पाण्यात मुक्त अमोनियाचा वाटा एक टक्क्याहूनही कमी असतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास असतो आणि तेथे हा वाटा सुमारे दहापट होतो. खाऱ्या पाण्यात घाई अधिक महाग पडते ती यामुळे.

खुल्या समुद्रात हा अमोनिया अफाट पाण्यात पसरतो आणि जीवाणू तो वापरून टाकतात. टाकीत पाणी मोजके असते, म्हणून सगळी भिस्त जीवाणूंवर असते. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. नायट्रेट त्यामानाने सौम्य असते. असे जीवाणू विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. आपल्या पाठ्यपुस्तकांत नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही जोडी येते. मात्र १९९८ च्या संशोधनात मत्स्यालयातील दुसरे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतो असे आढळले. पुढे २००५ साली अमेरिकेतील सिॲटलच्या मत्स्यालयातूनच अमोनियावर जगणारा एक आर्किया गटातील सूक्ष्मजीव वेगळा करण्यात आला. नवे शोध मत्स्यालयाच्या टाकीतूनही लागतात, हे मुलांना जरूर सांगावे.

हे जीवाणू सावकाश वाढतात. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. या जीवाणूंना त्यासाठी अर्धा दिवस ते एक दिवस, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. महिनाभर थांबायचे ते यांच्यासाठी.

महिनाभराचा प्रयोग

जीवाणूंना खाद्य म्हणून अमोनिया हवा, पण त्यासाठी मासा पणाला लावण्याची गरज नाही. कल्हईवाला वापरतो तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. आपण मात्र प्रयोगशाळेतला शुद्ध घ्यावा. २.५ ग्रॅम नवसागर १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवावा. या द्रावणाचे १० मिलिलिटर ४० लिटर पाण्यात टाकले की अमोनियाचे प्रमाण दर लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम होते. द्रावण शिक्षकांनीच हाताळावे.

मग एक दिवसाआड तीन नोंदी घ्याव्यात: अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट. चाचणी संच खाऱ्या पाण्यासाठीचा असावा. नेसलरचे द्रावण टाळावे, कारण त्यात पारा असतो आणि खाऱ्या पाण्यात ते गढूळही होते. तिन्ही नोंदी एकाच आलेखकागदावर तीन रंगांत काढाव्यात. पहिले काही दिवस काहीच घडत नाही. मग अमोनियाची रेषा उतरू लागते आणि नायट्राइटची चढते. आणखी काही दिवसांनी नायट्राइट उतरते आणि नायट्रेट चढत राहते. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा एक मात्रा द्यावी. दिलेल्या मात्रेतील अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही चोवीस तासांत शून्य झाले, की टाकी तयार झाली असे समजावे. याला चार ते सहा आठवडे लागतात. एखाद्या चालू खाऱ्या टाकीतील मूठभर वाळू मिळाली, तर वेळ वाचतो.

दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. अमोनियातील एक मिलिग्रॅम नायट्रोजनचे नायट्रेट होताना ४.५७ मिलिग्रॅम ऑक्सिजन खर्ची पडतो. आपल्या एका मात्रेला दर लिटरमागे साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. २६ अंशांच्या खाऱ्या पाण्यात तो मुळात साडेसहा मिलिग्रॅमच्या आतच मावतो. म्हणून हवेचा पंप सतत चालू हवा आणि वीज गेल्यास बॅटरीवरचा छोटा पंप हाताशी हवा. दुसरे असे की या क्रियेत आम्ल तयार होते. दहा मात्रांत पाण्याची आम्ल पचवण्याची शक्ती जवळजवळ संपते आणि सामू घसरतो. दर मात्रेमागे पाऊण ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवून घातला की ही उणीव भरून निघते.

मासा कोणता?

नायट्रेट वाढलेले असते, म्हणून आधी निम्मे पाणी बदलावे. मग दोन मोली मासे पुरेत. मोली दुकानात गोड्या पाण्यात मिळतो, पण आठ-दहा दिवसांत थोडे थोडे खारे पाणी मिसळत गेल्यास तो समुद्राच्या पाण्यातही राहू शकतो. गोड्या पाण्यात माशाच्या शरीरात पाणी शिरत राहते आणि तो ते लघवीवाटे टाकतो. खाऱ्या पाण्यात उलट शरीरातले पाणी बाहेर जाऊ पाहते, म्हणून त्याला पाणी पिऊन जादा क्षार कल्ल्यांवाटे टाकावे लागतात. परासरणाचा धडा येथे डोळ्यांसमोर उभा राहतो. पुढे विदूषक मासा ठेवायचा असेल, तर बंदिवासात पैदास झालेलाच घ्यावा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे. नंतर दर पंधरवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलावे.

टाकीबाहेरची गोदावरी

हाच आलेख घेऊन मुलांना गोदावरीकडे न्यावे. नदीत सांडपाणी मिसळते तेव्हा टाकीतलीच क्रिया सुरू होते. अमोनिया येतो, जीवाणू तो बदलू लागतात आणि त्यासाठी पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. पाणी वाहते व उथळ असेल तर हवेतून तो भरून निघतो. पाणी साचलेले असेल तर ऑक्सिजन संपतो आणि मासे गुदमरतात. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात हवा घुसळतात ती बऱ्याच अंशी या जीवाणूंसाठीच. नदीला मात्र कोणी पंप लावत नाही.

ज्या मुलांनी रिकाम्या दिसणाऱ्या टाकीपुढे महिनाभर थांबून नोंदी घेतल्या, त्यांना स्वच्छ दिसणारे पाणी आणि जगण्याजोगे पाणी यांतला फरक कळलेला असेल. मासे आले नाहीत आणि प्रयोग जीवाणूंपाशीच थांबला, तरी तो पूर्णच समजावा.