वारसा आणि उंबरठा : हिराबाई बडोदेकरांच्या निमित्ताने

‘मी कोण’ हे जन्मावरून ठरतं की कर्मावरून, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे. आज त्याच्याकडे जरा गाण्याच्या वाटेनं जाऊ.

अमेरिकेत कंट्री म्युझिक नावाचा प्रकार आहे. खेड्यापाड्यातलं, कष्टकऱ्यांचं गाणं. ते गोऱ्यांचं समजलं जातं. वास्तविक त्यातलं बँजो हे वाद्य आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांकडून आलेलं. तरीही १९६६च्या सुमारास चार्ली प्राइड या कृष्णवर्णीय गायकाच्या पहिल्या रेकॉर्डी रेडिओवाल्यांकडे गेल्या, त्या फोटोशिवाय. आधी आवाज ऐकू द्या, रंग नंतर! पुढे २०१७ साली केन ब्राउन हा गायक बिलबोर्डच्या कंट्री संगीताच्या पाचही मुख्य याद्यांवर एकाच वेळी पहिला आला. आई गोरी, वडील कृष्णवर्णीय.

हे तिकडचं झालं. आपल्याकडं काय?

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ बडोदे दरबारी गात असत. तिथल्याच सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई. दोघांनी घर सोडलं, संसार थाटला. १९०५ साली मिरजेत त्यांना मुलगी झाली, चंपाकली. वडील मुसलमान, आई मराठा. पुढे ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि मुलांची नावं बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू झाले, सकीनाच्या सरस्वती झाल्या आणि चंपाकलीच्या हिराबाई.

तिकडं फोटो लपवला, इकडं नाव बदललं. दोन्हीकडचं भय एकच : लोक ऐकण्याआधी जात-धर्म विचारतील.

आता आडनाव बघा. खाँ नाही, मानेही नाही, बडोदेकर. तुमच्यात कुणी अंबाजोगाईकर असतील, कुणी परळीकर. गावावरून आडनाव घेण्याची ही रीत किती उपयोगी! बापाचा धर्म नको, आईचं कूळ नको, नुसतं गाव सांगा.

पण गळ्याचं काय? हिराबाई शिकल्या त्या बंधू सुरेशबाबूंकडे आणि किराण्याच्याच उस्ताद अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे. घर मोडलं तरी विद्येचं नातं तुटलं नाही. तो सावकाश आलाप, सुराला सूर जोडत जाणं, हे किराण्याचंच. नाव बदलता आलं; सूर बदलावा असं कुणाला वाटलंही नाही.

शिवाय त्या काळी घरंदाज बाईनं चारचौघांत गाणं म्हणजे बदनामी. हिराबाई व्यासपीठावर शांत बसून, हावभाव न करता गायल्या. तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. रंगभूमीवर पुरुष स्त्रीभूमिका करत असताना भावंडांसह नाटक मंडळी काढून स्वतः ‘सौभद्र’मध्ये सुभद्रा झाल्या. १९७० साली पद्मभूषण मिळालं. त्यांच्या मागून किती मुलींना घरातून ‘जा, शीक’ म्हटलं गेलं असेल!

इथं एक घाई टाळली पाहिजे. ‘कलेला जन्माशी देणंघेणं नाही’ असं आपण पटकन बोलून जातो. ते खरं नाही. हिराबाई त्या घरात जन्मल्या म्हणून तो सूर लहानपणीच कानावर पडला. म्हणजे जन्म वारसाही देतो आणि तोच जन्म उंबरठ्यावर अडवतोही. या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या पाहिजेत. वारसा घ्यायला हरकत नाही, तो शिष्याला देताही येतो. हिराबाईंनी तो प्रभा अत्र्यांना दिलाच, तिथं रक्ताचं नातं कुठं होतं? अडवणूक मात्र कुणालाच काही देत नाही.

वेदान्ती नाव-रूपाला उपाधी म्हणतात. ती गळून पडते, असं आम्ही वर्गात शिकवत आलो. पण चंपाकलीला ती बदलावी लागली, कारण ती आपोआप गळू देण्याइतका समाज मोठ्या मनाचा नव्हता.

घरी गेल्यावर हिराबाईंची एखादी रेकॉर्ड ऐका. आणि स्वतःला विचारा, त्या चंपाकली म्हणूनच आल्या असत्या, तर आपण दार उघडलं असतं का? मी इथंच थांबतो.